चौघांत दुसरा

रविवार, १२ जानेवारी १९८६

आज मी फुकट वाजवलं. सख्ख्या मेव्हणीच्या लग्नातसुद्धा मी फुकट वाजवलेलं नाही, त्यामुळे हे कुठेतरी लिहून ठेवणं भाग आहे.

दोष इनासचा. इनास परेरा, आमच्या रेकॉर्डिंगमधला चेलोवाला, राहणार गोराई. परवा स्टुडिओबाहेर चहा पिताना म्हणाला, "धाकू, रविवारी घरी ये. मामा वारले ना, त्यांच्या पेटीत चौघांनी वाजवायच्या एका कामाचे कागद सापडलेत. बोंबील पण आहेत." मी बोंबलांसाठी गेलो, हे इथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

काम कुणा ऑस्ट्रियातल्या बाबाचं आहे. बाबा मरूनही जमाना झाला. दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं भलंमोठं व्हायोलिन, बस. गाणारी बाई नाही, ढोलक नाही, समोर उभं राहून हात हलवणारा अरेंजर नाही. चार माणसांनी एका खोलीत बसून एकमेकांच्या तोंडाकडे बघत वाजवायचं. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा घोगऱ्या आवाजाचा थोरला भाऊ, तो वाजवायला भीमराज तायडे. घाटकोपरचा, रेकॉर्डिंगला माझ्याच रांगेमागे बसतो. दुसऱ्या व्हायोलिनला मृणालिनीबाई आगाशे. पार्ल्यातल्या शाळेत शिकवतात, एका पारशी म्हातारीकडे शिकल्या, आणि सिनेमाचं नाव काढलं की चेहरा असा करतात की जणू ताकात माशी पडली. पहिलं व्हायोलिन अर्थात मी. त्यावर चर्चा झाली नाही.

कोणत्या रेकॉर्डिंगला कोणते व्हायोलिनवाले हे मी ठरवतो. परळच्या गिरणीत बॉबिनं उचलणाऱ्याचा पोरगा इथवर आला तो हातामुळे नाही, कानामुळे. माझ्यासारखे वाजवणारे पुष्कळ. पण सगळा ऑर्केस्ट्रा एकदम वाजत असताना तिसऱ्या रांगेत कुणी सूर घसरवला तर तो मला कळतो. मी बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, वर करतो, सगळे थांबतात, मी नाव घेतो, टेक परत सुरू. अरेंजर मंडळी माझ्यावर जीव टाकतात. ज्यांचं नाव घेतो ते टाकत नाहीत.

तर आज आम्ही बाबाची वाट लावली. सगळी दुपार. आणि परतीच्या होडीत मी तेच गुणगुणत होतो. होडीवाला म्हणाला, "मास्टर, नवीन पिक्चरचं का?" मी हो म्हणालो. खरं सांगून त्याचा दिवस कशाला खराब करा.

बुधवार, १५ जानेवारी

घरी बाबाचा पहिला भाग घोटत होतो. वनमाला तांदूळ निवडत ऐकत होती. सूप झटकून म्हणाली, "लग्नातला वाटना नाय, मयतातला पण वाटना नाय. मगे लोका ह्यां वाजवतत तरी कधी?"

मी म्हणालो, हे मैफलीत वाजवतात. लोक तिकीट काढून गप्प बसून ऐकतात.

"गप्प?"

"एकदम गप्प."

"आणि तुमी?" एवढंच म्हणून ती आत गेली. बायकांना संगीतातलं कळत नाही असं मी म्हणत नाही, पण वनमालाचे प्रश्न कधीकधी अर्धेच असतात.

रविवार, १९ जानेवारी

परत गोराई. आज बाईंशी जुंपली.

झालं असं, आम्ही तिघे स्टुडिओचे. चूक झाली की थांबायचं आणि पहिल्यापासून घ्यायचं, हे आमच्या हाडात. रेकॉर्डिंगमध्ये एक सूर चुकला तर सगळा टेक फुकट. तेव्हा आजही कोणी चुकलं की मी बो वर केला, नाव घेतलं, आणि परत सुरुवात. असं बऱ्याचदा झालं. शेवटी बाईंनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं.

"मास्टर, समोर लोक बसलेले असतील तेव्हाही असंच करणार का?"

"लोक असतील तेव्हा कोणी चुकणार नाही."

"सगळे चुकतात. चुकायचं आणि पुढे जायचं, हेच शिकायचंय. इथे रीटेक नाही."

इनासला हे फार आवडलं. त्याने तिथल्या तिथे कायदा केला: जो थांबेल त्याने सगळ्यांच्या चहाच्या कपबशा विसळायच्या. संध्याकाळपर्यंत कपबशा मीच विसळत होतो. इनासची आई कौतुकाने म्हणाली, "किती कामाचा माणूस आहे, बघ." वास्तविक मी एकदाही चुकलो नव्हतो. मी फक्त थांबलो होतो. दोन्हींत फरक आहे, पण तो ऐकायला त्या घरात कोणी तयार नव्हतं.

मंगळवार, २८ जानेवारी

कार्यक्रम ठरवून आलो! ऐकायला कोणी नसेल तर एवढं घासून उपयोग काय? पार्ल्यात एका वाचनालयाच्या माडीवर छान हॉल आहे. तिथले सेक्रेटरी भाऊराव, शुभ्र धोतर, हातात कायम कुलपाची किल्ली. मी सगळं समजावून सांगितलं.

"तबल्याला कोण?"

"तबला नाही."

"बरं. पेटीला?"

"पेटी नाही."

"मग निवेदन तरी? कोणी विद्वान?"

"कोणी बोलणार नाही. नुसतं वाजवायचं."

भाऊरावांनी चष्मा काढून पुसला. "अहो, मग लोकांना कळणार कसं, संपलं कधी?"

"आम्ही उठून उभे राहू."

हे त्यांना पटलं. पंधरा मार्च, शनिवार, संध्याकाळ. बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिणार आहेत: धाकू पेडणेकर आणि सहकारी. 'आणि सहकारी' मी सुचवलेलं नाही. त्यांनी विचारलं, असं चालेल का. मी चालेल म्हणालो.

रविवार, २ फेब्रुवारी

आज पहिला भाग न थांबता झाला. शेवटचा सूर लागला तेव्हा इनासच्या पडवीत कोंबडीसुद्धा बोलली नाही. अंगावर काटा आला. वय झालं की वाऱ्याने येतो म्हणतात, पण वारा नव्हता.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. एवढी वर्षं वाजवतोय, पण रेकॉर्डिंगमध्ये माझं व्हायोलिन मलाच ऐकू येत नाही. आमची सगळ्यांची मिळून एक मऊ गादी होते आणि त्यावर हिरॉइन लोळते. गाणं रेडिओवर लागलं की वनमालाला सांगतो, यात मी आहे. ती मान हलवते. असेन. सिद्ध करता येणार नाही. इथे मात्र मी बो टेकवला की भीमराजचा खांदा किंचित हलतो, बाई श्वास घेतात, इनास डोळे मिटतो. तीन माणसं माझ्या एका सुराची वाट बघतात. हे एकदा, एकदाच, समोर बसलेल्या लोकांपुढे व्हावं. मग बाबाही मोकळा, मीही मोकळा.

बाबाशी माझी एकच तक्रार आहे. दुसरा भाग संथ आहे आणि त्यात सगळी चाल त्याने व्हायोलाला दिलीय. आम्ही बाकीच्यांनी नुसते दोनचार सूर धरून बसायचं. पहिल्या व्हायोलिनला कोणी असं बसवतं का? मी ते सूर जरा दाबून वाजवतो आणि थोडे आधीच लावतो, म्हणजे तो भाग फार पडत नाही. भीमराज काही बोलत नाही. एकूणच कमी बोलतो.

घरी वाजवून दाखवलं. वनमाला म्हणाली, "चौघांचा म्हणून सांगलात. माका तर एकट्याचाच ऐकाक येता." मी म्हणालो, घरी एकटाच वाजवतोय म्हणून. ती हसली कशाला ते कळलं नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

वाईट दिवस. सगळं लिहितो.

इनासच्या आईला पंचाहत्तर वर्षं झाली. अंगणात मांडव, सगळं गाव, व्हिंदालूचा वास. इनास म्हणाला, पार्ल्याआधी इथे वाजवून घेऊ, घरचीच माणसं आहेत. भीमराज बायकोला आणि सासऱ्यांना घेऊन आला होता. सासरे कुंडलिकराव, रेल्वेतून रिटायर झालेले, पांढरा सफारी, पहिल्या बाकावर काठी टेकून बसलेले. जावयाने रेल्वेत चिकटावं म्हणून त्यांनी दहा वर्षं त्याच्यामागे लकडा लावला होता, हे तोच मला टांग्यात सांगत होता. "आज पहिल्यांदा मला वाजवताना बघणार आहेत," म्हणाला. भीमराजकडून एवढं लांब वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

पहिला भाग झकास. लोकांनी मनापासून ऐकलं. दुसरा भाग सुरू झाला. भीमराजची चाल चालू, आणि मध्येच एक असा कर्कश खटका उडाला की माझे कान उभे राहिले. आणि हात वर गेला. मी नेला नाही, गेला. सगळे थांबले. अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "भीमराज! परत घे."

इनासच्या आईने विचारलं, "संपलं?"

भीमराजने माझ्याकडे बघितलं नाही. व्हायोला खांद्याला लावला आणि पहिल्यापासून वाजवला. कामगार मशीन चालू करतो तसा. शेवटपर्यंत आम्ही सगळे तसेच वाजवत राहिलो. टाळ्या झाल्या. मी वाकून नमस्कार करून सरळ झालो तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती. जेवला नाही. पहिल्या बाकावर काठीही नव्हती.

सोमवार, १७ फेब्रुवारी

इनास स्टुडिओत भेटला. मी म्हणालो, चुकला तर बोलायचं नाही का? एवढं मनाला लावून घेतात का?

"तो चुकला नाही, धाकू."

"मग खटका उडाला तो? मी बहिरा आहे काय?"

"खटका उडाला. तुझा."

मी हसलो. इनास हसला नाही. चेलोवाल्याला खाली बसून वरचं काय ऐकू येणार, असं मी म्हणालो आणि निघून आलो. शक्यच नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

भीमराजला या महिन्यात चांगली चांगली रेकॉर्डिंगं लावून दिली. एकात व्हायोलाचा एकट्याचा तुकडासुद्धा आहे, तो मी अरेंजरच्या मागे लागून मिळवला. माणूस खूश झाला की येतो, हा माझा अनुभव.

आला. वेळेवर आला, सुंदर वाजवलं, पेटी बंद केली. मी म्हणालो, "मग रविवारी?"

"रेकॉर्डिंगला येईन, मास्टर. ते माझं काम आहे. रविवारी नाही."

"अरे, स्टुडिओत मी रोज नावं घेतो. तेव्हा नाही लागत?"

"स्टुडिओत बंद दाराआड घेता. तिथे माझे सासरे बसले होते." पेटीचं कुलूप लावून तो सरळ उभा राहिला. "घरी जाताना विचारत होते, रोज असंच बोलतात का रे तुला? आणि मी चुकलो नव्हतो."

पार्ल्याची तारीख डोक्यावर आहे. व्हायोलावाले मुंबईत आणखी आहेत. दोघांना विचारायचं ठरवून पायऱ्या उतरलो आणि विचारलं नाही. ती चाल दुसऱ्या कोणी वाजवलेली मला ऐकायची नाही. का, ते माहीत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

पार्ल्यात बाईंच्या घरी गेलो. तक्रारच करायला गेलो होतो. बाईंनी पोहे दिले, ऐकून घेतलं, आणि बाबाचे व्हायोलाचे कागद माझ्यापुढे ठेवले.

"हे तुम्ही वाजवा. तुमच्या व्हायोलिनवरच. मी पहिलं वाजवते."

दुसरा भाग. मी चाल वाजवायला लागलो. काय चाल आहे! एक लांब सूर हळूहळू उतरत येतो, माणूस जिना उतरताना कठड्याला धरतो तसा. मी त्या सुरात असताना, तो अजून पुरता खाली टेकलेला नसताना, बाई वरून येऊन धाडकन आदळल्या. तोच खटका.

"बाई, घाई केलीत. माझं संपायचंय अजून."

"मी घाई नाही केली. मी तुमच्यासारखं वाजवलं."

मी परत कागदात बघितलं.

"आता बाबाने लिहिलंय तसं वाजवते," म्हणाल्या आणि थांबल्या. माझा सूर पूर्ण उतरला, टेकला, आणि मग त्यांनी अलगद आपला सूर त्याच्यापाशी आणून ठेवला. खटका नाही. काहीच नाही. घरात कोणी पाणी आणून ठेवावं आणि आवाज होऊ नये, तसं.

"परत एकदा," मी म्हणालो.

"पटलं नाही?"

"पटायचा प्रश्न नाही. ऐकायचंय."

पाचसहा वेळा ऐकलं. सगळ्या मुंबईचे सूर पकडतो, आणि हे माझ्याच हनुवटीखाली चाललं होतं. वनमालाला सांगितलं तर म्हणाली, "आता कळला?" म्हणजे तिला कधीपासून... जाऊ दे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

घाटकोपरला गेलो. आधी फळं घेतली, मग वाटलं माणूस आजारी नाही, म्हणून मिठाई घेतली, मग वाटलं आनंदाची गोष्टही नाही. शेवटी दोन्ही घेऊन गेलो.

भीमराज अजून आला नव्हता. दार कुंडलिकरावांनी उघडलं. ओळखलं, पण बसा म्हणाले नाहीत. मी उभ्यानेच सांगितलं. "साहेब, त्या दिवशी चूक माझी होती. तुमच्या जावयाची नव्हती."

"तुम्ही चुकला, आणि नाव याचं घेतलं?"

"हो."

"समजून?"

"नाही. खरंच वाटलं तोच."

"हे त्याला सांगा. आणि लोकांसमोर झालंय, तर लोकांसमोर दुरुस्त करा." मग म्हणाले, "बसा."

भीमराज आला. मी सगळं परत सांगितलं, त्याच्या बायकोसमोर, शेजारची प्रेमाताई दारातून डोकावत होती तिच्यासमोरही. तो ऐकत होता. मग म्हणाला, "येतो. पण एक आहे. पहिल्याला बाई बसतील. तुम्ही दुसऱ्याला, माझ्या शेजारी."

"म्हणजे शिक्षा?"

"नाही, मास्टर. तुम्ही माझ्या शेजारी असलात की मला ऐकाल. बाई पहिल्याला जास्त बऱ्या वाजवतात हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या कानाला कळलं नाही असं सांगू नका."

मिठाई बेचव होती. घाटकोपरात मिठाई घेऊ नये.

रविवार, २ मार्च

आज दुसऱ्याला बसलो.

आधी राग राग केला. भाऊरावांच्या फळ्यावर माझं नाव काय म्हणून येणार? पंचावन्नाव्या वर्षी दुसरा? गिरणगावातून बाहेर पडलो ते दुसरा व्हायला? इनास म्हणाला, "धाकू, रडायचंय तर रड, पण सुरात."

दुसऱ्या व्हायोलिनचं काम चमत्कारिक आहे. चाल क्वचितच. कधी बाईंना खालून उचलायचं, कधी इनासच्या तालात सूर पेरायचा, कधी भीमराजच्या सुराला नुसतं कड द्यायची. काही केलेलं दिसत नाही, आणि केलं नाही तर सगळं ओकंबोकं. घरी सांगायला काही उरत नाही. तरी संध्याकाळी खाडीवर होडीची वाट बघताना माझ्या लक्षात आलं, आज मी एकदाही बो वर केला नाही. वेळच मिळाला नाही. सगळा वेळ ऐकण्यात गेला.

भाऊरावांना फोन करून फळ्यावरचं बदलायला सांगितलं. चौघांची नावं, एकाखाली एक. ते म्हणाले, "खडू आणावा लागेल." आणा म्हटलं.

शनिवार, १५ मार्च

रात्री लिहायचं टाळतो, पण आज झोप कुठली.

हॉल पाऊण भरला. पार्ल्यातली पुढची रांग टोप्या आणि शालींची, मागे बाईंच्या शाळेतल्या मास्तरीणबाई, इनासची आई आणि तिच्याबरोबर गोराईहून आलेली एक आख्खी होडी, वनमाला हिरव्या साडीत, आणि मधल्या रांगेत कुंडलिकराव, काठी टेकून.

वाजवायच्या आधी मी उभा राहिलो. भाऊरावांना मी निवेदन नाही म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे ते दचकले. मी म्हणालो, "गेल्या महिन्यात गोराईला मी सगळ्यांसमोर भीमराज तायड्यांना थांबवलं होतं. चूक माझी होती. आज कोणी चुकलं तरी थांबणार नाही. तुम्हीही थांबू नका." थोडे हसले. कुंडलिकराव हसले नाहीत, पण त्यांनी काठी बाजूला ठेवली.

पहिल्या भागात मी चुकलो. घाबरून एक अख्खी ओळ गाळली. एक क्षण मी भलतीकडे आणि बाकी तिघे भलतीकडे. हात बो घेऊन वर जाणार, तेवढ्यात शेजारून व्हायोला थोडा मोठा झाला. भीमराजने मान वळवली नाही, काही नाही, नुसतं आपलं वाजवणं जरा उघडं केलं, आम्ही इथे आहोत असं. मी त्याचं बोट धरून आत आलो. कुणाला कळलंही नसेल. बाईंना कळलं. त्यांनी भुवई हलवली आणि पुढे गेल्या.

मग दुसरा भाग. माझ्याकडे तीनच सूर, परत परत तेच. आणि शेजारी ती चाल, जिना उतरत येणारी. मी थांबलो, ती टेकली, मी माझा सूर ठेवला. बाईंनी त्यावर त्यांचा. इनासने खाली पाट मांडला. त्या हॉलमध्ये किती माणसं होती आणि मी त्यांच्यासमोर होतो, हे मी विसरलो. ज्यासाठी एवढा आटापिटा केला तेच विसरलो. मजा आहे.

संपलं. आम्ही उठून उभे राहिलो, म्हणून लोकांना कळलं. टाळ्या. आणि मग पुढूनच, मागच्या गोराईकडून नव्हे, खास पार्ल्याच्या शालींमधून एक खणखणीत आवाज, "वन्समोअर! ते मधलं, संथ!" दुसरा आवाज, तिसरा. भाऊराव धावत आले, कानात म्हणाले, "असं चालतं का हो तुमच्यात? नाटकात चालतं."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. बाई म्हणाल्या, असं चालत नाही. इनास म्हणाला, बाबा मेलाय, कोण विचारणार? भीमराजने आधीच व्हायोला खांद्याला लावला होता.

परत बसलो. जन्मभर मी 'परत घे' ऐकलं ते कोणी चुकलं म्हणून.

या वेळी भीमराजने ती ओळ वेगळी घेतली. आणखी सावकाश, शेवटचा सूर कागदावर आहे त्याहून लांब. ठरलेलं नव्हतं. मी त्याच्या मागोमाग गेलो. माझा सूर थोडा उतरला होता, मला ऐकू आलं. असू दे म्हटलं, आणि धरून ठेवला.